हिरवी रेघ

रेणुका धोत्रेचा धीरांक चौऱ्याण्णव आला, त्या दिवशी संस्थेत पेढे वाटले गेले. ते तिने आणले नव्हते. संचालिका डॉ. शुभदा पेंढरकर स्वतः घेऊन आल्या, पहिला पेढा त्यांनी तिच्या तोंडात घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बघा, ही आपली रेणुका. एवढा आकडा अजून कुणाचा आलेला नाही." रेणुकाला तोंड गोड झाल्याचं कळलं. आनंदही झाला असावा असं तिला वाटलं, कारण अशा वेळी तो होतो.

ही गोष्ट सोलापुरातली, दुपारबंदी सुरू झाल्यानंतरच्या वर्षांतली. मार्च ते जून पारा सत्तेचाळीसच्या खाली उतरेना, तेव्हा बारा ते साडेचार रस्त्यावर माणूस दिसता कामा नये असा हुकूम निघाला. माणसं घरात अडकली. कामं गेली, झोप गेली, आणि झोप गेलेल्या घरांत जे जे होतं ते सगळं होऊ लागलं. मनाचा इलाज करणाऱ्या 'आश्वास' संस्थेच्या दारात रांगा लागल्या. रांगा वाढल्या तसे ऐकणारे कमी झाले. दिवसभर दुसऱ्याचं दुःख ऐकणारे समुपदेशक दोन-दोन वर्षांत हात टेकून घरी बसू लागले. कुणाच्या खांद्यावर किती ओझं टाकायचं हे आधीच कळलं तर बरं होईल, असं कुणाच्या तरी मनात आलं, आणि त्यातून धीरपट्टी आली.

धीरपट्टी म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला चिकटवायची बोटभर रुंद, पातळशी पट्टी. भीती वाटली, अपमान झाला, संकट समोर दिसलं की मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या इवल्याशा ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं रसायन रक्तात सोडतात. ठोके वाढतात, रक्तातली साखर वाढते, शरीर लढायला नाहीतर पळायला तयार होतं. या कॉर्टिसॉलचा थोडा अंश घामातही येतो. पट्टी तो अंश आणि नाडीचे ठोके सतत मोजायची, आणि त्याची एक रेघ टेबलावरच्या पडद्यावर उमटायची. रेघ खाली असली की हिरवी, चढली की पिवळी, फारच चढली की लाल.

रुजू होताना प्रत्येकाची एक परीक्षा व्हायची. समोर तीन परीक्षक बसत. त्यांनी हसायचं नाही, मान डोलवायची नाही, नुसतं बघत राहायचं आणि मधूनच 'पुढे' किंवा 'हे नको' एवढंच म्हणायचं, अशी त्यांना ताकीद असे. त्यांच्यासमोर दहा मिनिटं स्वतःविषयी बोलायचं. एवढ्याने भल्याभल्यांचं कॉर्टिसॉल दुपटीवर जातं. ज्याचं कमी चढेल त्याचा धीर मोठा, त्याचा धीरांक मोठा, आणि ज्याचा धीरांक मोठा त्याच्या वाट्याला जड रुग्ण. वाटप यंत्रच करायचं. त्यात ना वशिला चालायचा, ना चिठ्ठी.

रेणुकाची रेघ त्या दहा मिनिटांत जागची हलली नव्हती. तीन न हसणारी माणसं तिच्या ओळखीची होती. पहिलीच्या प्रवेशाला आईचा, अव्वाचा, हात धरून ती अशाच माणसांपुढे उभी राहिली होती. पुढे वसतिगृह, शिष्यवृत्ती, दाखले, मुलाखती. टेबल बदलायचं, माणसं तीच. 'वडार म्हणजे ते दगड फोडणारे ना?' असं विचारून ती एकमेकांकडे बघायची, आणि चेहरा जराही न हलवता उत्तर कसं द्यायचं हे तिला सहाव्या वर्षापासून येत होतं. आपण लहानपणापासून ज्या विषयाचा अभ्यास केला त्याची परीक्षा अखेर एकदा निघाली, असं तिच्या मनात आलं होतं.

संस्थेत नव्वदीच्या वरचे चौघे होते. चौघांपैकी एकाच्याही घरात मागच्या पिढीत कुणी खुर्चीवर बसून काम केलेलं नव्हतं. ही गोष्ट पेंढरकर मॅडमच्या लक्षात आली होती, आणि त्यांना तिचा खरोखरच अभिमान होता. प्रत्येक भाषणात त्या सांगायच्या, की माणसांनी ज्यांना मागे ठेवलं त्यांना यंत्राने पुढे आणलं, कारण यंत्राला जात नसते. बाई मनाने वाईट नव्हत्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं नीट समजेल.

आता पुढे येण्याचा अर्थ असा, की बंद खोलीत उकाड्याने ज्यांचं मूल गेलं ते आईबाप रेणुकाकडे यायचे. विषाच्या बाटलीवरून परत आलेला माणूस रेणुकाकडे. नवऱ्याने पोळलेली बाई रेणुकाकडे. दिवसाला सात, सगळे असेच. पलीकडच्या खोलीतल्या सौमित्र देवधरचा धीरांक बावन्न होता. त्याच्याकडे परीक्षेला घाबरलेली मुलं यायची, सासूशी न पटणाऱ्या सुना यायच्या. त्याची रेघ आठवड्यातून एकदा तरी पिवळी व्हायची, आणि यंत्र दुसऱ्या दिवशी त्याला आपणहून सुट्टी द्यायचं. रेणुकाने दोन वेळा सुट्टीचा अर्ज केला. दोन्ही वेळा पडद्यावर 'आवश्यकता आढळत नाही' एवढंच आलं. मॅडमना विचारलं, तर त्यांनी मायेने पाठीवर हात ठेवला. "तुला कशाला गं सुट्टी? तुम्हा लोकांचा पिंडच काटक." सौमित्रला त्या 'तुम्ही' म्हणायच्या आणि रेणुकाला 'तू'. लेकीसारखी आहे म्हणून, असं त्याच सांगायच्या.

तीन वर्षं अशी गेली. रेघ हिरवी राहिली. जेवणात मीठ कमी आहे की जास्त, हे रेणुकाला कळेनासं झालं होतं. नऊ-नऊ तास झोपूनही अंग उचलत नव्हतं. एका दुपारी एक बाई आपल्या चार वर्षांच्या मुलाचे शेवटचे शब्द सांगत होती, आणि रेणुका पंख्याच्या करकरण्याकडे लक्ष देऊन याला तेल कधी घालायचं याचा विचार करत होती. बाई गेल्यावर तिला स्वतःची लाज वाटायला हवी होती. तीही वाटली नाही. तिने पुढच्या रुग्णाला आत बोलावलं.

मग मे महिन्याच्या सुरुवातीला यास्मिनचं झालं.

यास्मिन तांबोळी विजापूर वेशीकडची, रेणुकापेक्षा पाच वर्षांनी लहान, धीरांक एक्याण्णव. डब्यातलं अर्धं वाटल्याशिवाय न जेवणारी ही मुलगी गेल्या काही महिन्यांत डबा उघडायचीच विसरू लागली होती. त्या दिवशी एक वाजता, ऐन दुपारबंदीत, बाराच्या आत आलेली रुग्ण समोर बसलेली असताना ती "पाणी आणते" म्हणून उठली आणि सरळ फाटकाबाहेर पडली. पाऊण तासाने बंदीच्या पथकाला ती बसथांब्यावर बसलेली सापडली. पत्र्याचा तो बाक त्या वेळी हात लावू देत नाही, पण ती शांत बसली होती. दवाखान्यात तिला नाव विचारलं, तर तिने समोर बसलेल्या रुग्णाचं नाव सांगितलं. नवऱ्याचं नाव विचारलं, तर रुग्णाच्या नवऱ्याचं. स्वतःचं नाव आठवायला तिला दोन दिवस लागले. या सगळ्या वेळात तिच्या मनगटावरची रेघ हिरवी होती.

आणि रेघ हिरवी म्हणजे कामाचा ताण नाही. नियम तसाच होता. रुग्णाला अर्ध्यावर सोडून गेल्याबद्दल यास्मिनची सेवा संपवायची, आणि कारणाच्या जागी 'वैयक्तिक' असं लिहायचं, असा कागद तयार झाला. त्यावर एका वरिष्ठ समुपदेशकाची सही हवी होती. मॅडमनी रेणुकाच्या हातात फाईल दिली. फाईलमध्ये दुसराही एक कागद होता. रेणुकाला मुख्य समुपदेशक नेमल्याचा तो आदेश होता. ऑगस्टमध्ये सरकारी समिती यायची होती, तिच्यासमोर रेणुकाने पुन्हा एकदा ती परीक्षा देऊन दाखवायची होती, आणि समितीला पटलं तर धीरपट्टी राज्यातल्या प्रत्येक जिल्ह्यात जाणार होती. एका कागदाचा दुसऱ्याशी संबंध आहे असं मॅडम म्हणाल्या नाहीत. त्यांच्या मनातही ते नसेल. पण फाईल एकच होती.

सही करायला महिनाअखेरपर्यंत वेळ मागून घेऊन रेणुका अव्वाकडे गेली.

तिची आई हणमव्वा अजून जुन्या खाणीजवळच्या वस्तीतच राहत होती. लेकीने शहरात बोलावून बोलावून थकून नाद सोडला होता. मधल्या काळात दगडी पाटे-वरवंटे कुणी विचारत नव्हतं. आता मोठ्या हॉटेलवाल्यांना पुन्हा पाट्यावरची चटणी हवी झाली होती, आणि पाटा घडवणारे हात वस्तीत तीन-चारच उरले होते. त्यामुळे सत्तरीची हणमव्वा उजाडल्यापासून नऊपर्यंत लिंबाखाली बसून टाकी, म्हणजे दगडाची छिन्नी, चालवायची आणि ऊन चढलं की सामान आवरायची. रेणुकाचे वडील दगडाची धूळ छातीत भरून कधीच गेले होते.

रेणुका पोचली तेव्हा अव्वा नवे आलेले दगड निवडत होती. हातातल्या सुतकीने, म्हणजे लहान हातोडीने, ती प्रत्येक दगडावर दोनदा ठोका द्यायची आणि मान कलती करून ऐकायची. काही दगड उजवीकडे, काही डावीकडे. रेणुकाने हे जन्मापासून पाहिलं होतं आणि कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी बोलायला दुसरं काही सुचेना म्हणून तिने विचारलं.

"ह्यो बघ," म्हणत अव्वाने एका दगडावर ठोका दिला. खणखणीत आवाज झाला. "वाजतोय न्हवं? ह्यो जित्ता हाय." मग तिने शेजारच्या दगडावर ठोका दिला. तो दिसायला पहिल्यापेक्षा देखणा होता, कुठे चीर नाही की डाग नाही. आवाज आला तो बद्द, गोणीवर हात मारावा तसा. "ह्यो आतनं गेला. खाणीत लई सुरुंगांचा दणका खाल्ला की असं हुतंय. वरनं काय दिसत न्हाई. वझं पडलं की मग दोन तुकडं."

"मग दोनदा कशाला मारतेस?"

"एका ठोक्यावर भरवसा ठिवू न्हाई. आपलाच हात चुकल्याला असतोय." तिने बद्द दगड डावीकडे लोटला. "नव्या माणसाला असलाच दगुड आवडतोय. गप असतोय म्हणून."

थोडा वेळ नुसते ठोके चालले. मग लेकीकडे न बघताच हणमव्वा म्हणाली, "तू फोन करतीस, तवा काय बोलतीस ते मला निम्मं कळत न्हाई. मी आवाज ऐकते. दोन वरसं झाली बाई, तू बद्द वाजतीस."

या वाक्याने वाईट वाटायला हवं होतं. रेणुकाने आत चाचपून पाहिलं, तिथे काहीच हललं नाही. मनगटावर पट्टी असती तर रेघ हिरवीच राहिली असती. आणि तेव्हा, कितीतरी दिवसांनी, तिला थोडी भीती वाटली.

त्या आठवड्यात तिने शिकत असतानाची पुस्तकं पुन्हा काढली. तिला जे हवं होतं ते सापडायला वेळ लागला नाही, कारण ते नवं नव्हतंच. दारावर कुणी दिवसरात्र थापा मारत राहिलं, तर घरातला माणूस शेवटी उठून जायचं सोडून देतो. शरीराचंही तसंच होतं. धोक्याची सूचना वर्षानुवर्षं येत राहिली, की मेंदू त्या ग्रंथींना हाक मारणं कमी करतो. मग अपमान झाला तरी कॉर्टिसॉल चढत नाही. तो धीर नसतो, ते थकणं असतं, आणि बाहेरून दोन्ही अगदी सारखी दिसतात. फरक ओळखायची एक जागा आहे, ती म्हणजे सकाळ. निरोगी माणसाने डोळे उघडले की पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात त्याचं कॉर्टिसॉल झपाट्याने वर जातं. शरीर दिवसाला सामोरं जायची तयारी करत असतं. आतून थकलेल्या माणसाची सकाळ मात्र सपाट जाते.

संस्थेची पट्टी सकाळ मोजत नव्हती. ती कामावर आल्यावर लावायची आणि जाताना पेटीत ठेवायची, असा कडक नियम होता. रेणुकाने आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला आणि पट्टी हातावर तशीच ठेवून घरी गेली. दवाखान्यातून घरी आलेल्या यास्मिनच्या हातावरही तिने पेटीतली एक चिकटवली. तुलनेला तिसरा माणूस हवा होता, म्हणून भीत भीत सौमित्रला विचारलं. तो म्हणाला, की आपल्या सुट्टीच्या दिवशीचे रुग्ण कुणाच्या यादीत जाऊन पडतात हा प्रश्न आपल्याला तीन वर्षांत एकदाही पडला नाही. त्याने पट्टी घेतली.

चौदा सकाळी मोजून झाल्या. सौमित्रची रेघ रोज उठल्याबरोबर टेकडीसारखी वर चढत होती. यास्मिनची आणि रेणुकाची चौदाही दिवस सपाट होती, अंथरुणाला खिळलेल्या माणसासारखी.

हे कागद घेऊन ती मॅडमसमोर उभी राहिली. मॅडमनी ते पाहिले, चष्मा काढला, पुन्हा लावला. तीन माणसांवरून काही सिद्ध होत नाही, असं त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. पट्टी घरी नेणं हा शिस्तभंग आहे, असंही म्हणाल्या, आणि तेही खरं होतं. मग जरा दुखावल्या आवाजात त्यांनी विचारलं, "तुला अव्वल नंबर नको आहे का, रेणुका? उद्या लोक म्हणतील, बघा, शेवटी यांना झेपलं नाहीच. यंत्राने तुला त्यातून सोडवलं होतं. यंत्राला जात नसते."

हा घाव बरोबर जागी बसला. झेपलं नाही, हे शब्द आपल्याबद्दल कुणी उच्चारू नयेत एवढ्यासाठी तर रेणुका तीस वर्षं जगली होती.

"यंत्राला नसते, मॅडम," ती सावकाश म्हणाली. "पण ते शरीर मोजतं. आणि शरीराने जे सोसलं ते त्यातून जात नाही."

तिने यास्मिनच्या कागदावर सही केली नाही. फाईल टेबलावर ठेवली आणि बाहेर आली.

शिस्तभंगाबद्दल तिला रुग्णांपासून दूर करण्यात आलं आणि जुन्या फायली लावायला अभिलेख-खोलीत बसवण्यात आलं. मुख्य समुपदेशकाचा आदेश मात्र मॅडमनी फाडला नाही. समितीला दाखवायला चौऱ्याण्णव हवे होते, आणि चौऱ्याण्णव दुसऱ्या कुणाकडे नव्हते. ऑगस्टपर्यंत मुलगी शहाणी होईल, अशी त्यांना आशा होती.

अशी ती शिक्षा सुरू झाली, आणि तिचा परिणाम संस्थेने ठरवला होता त्याच्या नेमका उलटा झाला. अकरा आठवडे रेणुकाला कुणाचं काही ऐकावं लागलं नाही. पहिले तीन आठवडे ती घरी येऊन नुसती झोपली. चौथ्या आठवड्यात अव्वाने पाठवलेल्या शेंगदाण्याच्या चटणीत तिला लसूण लागला, आणि ती भाकरी हातात धरून बसून राहिली. सहाव्या आठवड्यात शिपायाने तिचा चहा खिडकीत ठेवला आणि बाकीच्यांचा टेबलावर, तर तिला राग आला. चांगला कानशिलं तापवणारा राग. तो कसा असतो हे ती विसरून गेली होती. आठव्या आठवड्यात फायली लावताना नोकरी सोडून गेलेल्यांचा गठ्ठा हाती लागला. पट्टी आल्यापासून एकोणीस जण गेले होते. त्यातल्या तेरा जणांचे धीरांक पंच्याऐंशीच्या वरचे होते. यंत्राच्या लेखी सगळ्यांत भक्कम असलेली माणसंच सगळ्यांत जास्त मोडली होती, आणि तेराही फायलींत कारण होतं 'वैयक्तिक'. तेरावी फाईल मिटल्यावर तिला रडू आलं. खोलीत कुणी नव्हतं, तिने ते येऊ दिलं.

ऑगस्टच्या सतरा तारखेला समिती आली. सभागृह भरलं होतं. मागच्या रांगेत सौमित्र होता, आणि त्याच्या शेजारी ओढणी डोक्यावरून घेतलेली यास्मिन. परीक्षकांच्या जागी समितीचेच तिघे बसले. त्यांना ताकीद दिलेली होती, पण त्यांचे चेहरे पाहता तिची फार गरज नव्हती. रेणुकाच्या मनगटावर पट्टी लावली गेली आणि मागच्या मोठ्या पडद्यावर रेघ उमटली. हिरवी.

रेणुकाने काय बोलायचं ते पाठ केलं होतं. तेरा फायली, चौदा सकाळी, सगळं शांतपणे, मुद्देसूद मांडायचं. तिला भीती एकाच गोष्टीची होती. अकरा आठवडे हे पुरेसे दिवस नव्हते. पाठीमागे रेघ सपाट राहिली, तर तोंडाने आपण काहीही सांगितलं तरी लोक पडद्यावरच विश्वास ठेवतील. मग यास्मिन वैयक्तिक कारणाने गेली असंच कायमचं ठरेल, आणि पट्टी राज्यभर जाऊन जिथे जिथे कुणी गुपचूप सोसणारं बसलं असेल त्याला शोधून काढून त्याच्या डोक्यावर आणखी ओझं ठेवेल.

ती बोलू लागली. नाव सांगितलं, वस्ती सांगितली. "पुढे," मधला परीक्षक म्हणाला. तिने तेरा फायलींचं सांगितलं. "हे नको. स्वतःबद्दल बोला." रेघ हिरवीच होती. तिने पाठ केलेला कागद मनातल्या मनात बाजूला ठेवला आणि यास्मिनबद्दल सांगू लागली. ती डब्यातलं अर्धं वाटायची. ती तापलेल्या पत्र्यावर पाऊण तास बसली होती, आणि चटका बसतोय हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"हे विषयाला सोडून आहे," डावीकडचा म्हणाला.

"तिला नाव विचारलं," रेणुका म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. "तर तिने रुग्णाचं नाव सांगितलं. स्वतःचं नाव सापडत नव्हतं तिला. आणि आपण लिहिलं, वैयक्तिक कारण."

सभागृहात कुजबुज झाली. ती तिच्या बोलण्यामुळे नव्हती. लोक तिच्या डोक्यावरून मागे पडद्याकडे बघत होते. रेणुकाला वळून पाहायची गरज नव्हती. तळव्यांना घाम फुटला होता, कानांत ठोके पडत होते. सहा वर्षांची असताना पहिल्या टेबलापुढे उभं राहून जे व्हायला हवं होतं, ते आता होत होतं. रेघ पिवळी झाली आणि मग लाल.

पेंढरकर मॅडम उठल्या. त्यांनी पडदा बंद करायला यंत्राजवळच्या माणसाला खूण केली.

"पडदा राहू द्या, मॅडम," रेणुका म्हणाली. "अजून पंधरा मिनिटं. माझं बोलून झालंय."

आणि ती काही न बोलता उभी राहिली. कुणालाच काय करावं सुचेना, म्हणून सगळे नुसते बघत बसले. हळूहळू तिचा श्वास खाली बसला. लाल रेघ पिवळ्यावर आली. पंख्यांचा आवाज तेवढा होता. सोळा-सतरा मिनिटांनी रेघ हिरवी झाली.

"धडधाकट शरीर असं चढतं आणि असं उतरतं," रेणुका म्हणाली. "माझं तीन वर्षं चढलंच नव्हतं. त्याला आपण धीर म्हणालो."

यंत्राने आपल्या रिवाजाप्रमाणे तिथल्या तिथे नवा धीरांक छापून दिला. त्रेचाळीस.

पुढे फार मोठं काही घडलं नाही. समितीने निर्णय राखून ठेवला आणि जाताना सगळ्या समुपदेशकांच्या सकाळच्या रेघा मागवल्या. यास्मिनच्या कागदावरचा 'वैयक्तिक' हा शब्द खोडून 'कामाच्या ताणामुळे' असं लिहिलं गेलं. तिला परत यायचं नव्हतं, पण तो कागद तिने दोन वेळा वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. मुख्य समुपदेशकाचा आदेश त्याच संध्याकाळी रद्द झाला. त्रेचाळीसला ती जागा देता येत नव्हती. यंत्राच्या नियमाने आता रेणुकाकडे दिवसाला तीनच रुग्ण येणार होते.

सभागृह रिकामं झाल्यावर मॅडम तिच्याजवळ आल्या. एवढा वेळ त्या पहिल्या रांगेत एकट्याच बसल्या होत्या. "बसा तुम्ही," त्या म्हणाल्या. "किती वेळ उभ्या आहात." आणि स्वतः जाऊन पाण्याचा पेला घेऊन आल्या. रेणुकाने तो घेतला. क्षमा केली असं तिला वाटलं नाही, पण तहान लागली होती.

बाहेर पायरीवर बसून तिने अव्वाला फोन लावला. पावसाळ्यात ऊन नसे, त्यामुळे पलीकडून या वेळीही टाकीचा आवाज येत होता. फोन खांद्याने कानाशी दाबून धरला तरी हणमव्वाचे हात थांबत नसत.

"झाली का गं परीक्षा?"

"झाली अव्वा," रेणुका म्हणाली. "नापास झाले."

टाकी थांबली. पलीकडे नुसता वारा ऐकू आला.

"परत बोल," हणमव्वा म्हणाली.

"नापास झाले, अव्वा."

म्हातारी आणखी क्षणभर ऐकत राहिली. मग "हां," एवढंच म्हणाली, आणि तिची टाकी पुन्हा सुरू झाली.